मुखवट्याआड कोण? जुन्या सिरियल आणि रेडिओ नाटकांतल्या मुखवटाधारी नायकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी एक काळं-पांढरं प्रकरण लागतं. घोडा उधळतो, डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला कोणी तरी छपरावरून उडी मारतो, आणि चहाला आलेला पाहुणा कप हातात धरून विचारतो, ‘‘हे काय लावलंयस?’’ गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदाची लिहून काढली.

सिरियल म्हणजे टीव्हीवरच्या मालिकाच ना?

नाही. इथे सिरियल म्हणजे थेटरात दर आठवड्याला एक प्रकरण या हिशेबानं दाखवलेली एकच लांबलचक गोष्ट. अमेरिकेत बोलपटांच्या काळात ती साधारण १२ ते १५ प्रकरणांची असे. पहिलं प्रकरण अर्ध्या तासाच्या आसपास, पुढची पंधरा-वीस मिनिटांची. शनिवारी दुपारच्या खेळाला पोरांची झुंबड उडायची. एक काउबॉयपट, एखादं कार्टून, बातमीपट आणि मध्ये हे प्रकरण. प्रकरणाच्या शेवटी नायक मरणाच्या दारात, म्हणजे पुढच्या शनिवारी पोरगं पुन्हा तिकिटाच्या खिडकीशी हजर. आपल्याकडे कीर्तनकार ऐन रंगात आलेलं आख्यान उद्यावर ढकलतो, तोच हा धंदा.

हे पट काढणाऱ्या मुख्य कंपन्या तीन: युनिव्हर्सल, कोलंबिया आणि १९३५ साली उभी राहिलेली रिपब्लिक. मारामारी, घोडदौड आणि स्फोट पाहायचे असतील तर रिपब्लिक. बाकी दोघांचे चाहते रागावतील, पण माझं मत बदलणार नाही.

मुखवटा घालून न्याय करणारा पहिला नायक कोण?

‘पहिला’ म्हटलं की भांडणं सुरू होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॅरोनेस ऑर्झी यांचा स्कार्लेट पिंपर्नेल इंग्लंडच्या रंगभूमीवर आणि मग कादंबरीत आला. दिवसा नटवा, बावळट उमराव आणि गुपचूप लोकांना गिलोटिनपासून वाचवणारा वीर ही दुहेरी सोंगाची कल्पना त्यानं रुजवली, पण तो वेषांतर करणारा, मुखवट्याचा माणूस नव्हे. फ्रान्समध्ये १९१६ साली लुई फुयाद यांनी ‘ज्युडेक्स’ नावाची मूक सिरियल काढली. त्यातला नायक काळा झगा आणि रुंद हॅट घालून दुष्टांना शासन करतो.

खरा साचा मात्र झोरोचा. जॉन्स्टन मॅककली यांनी १९१९ साली एका स्वस्त साप्ताहिकात त्याची गोष्ट क्रमशः लिहिली आणि पुढच्याच वर्षी डग्लस फेअरबँक्स यांनी तिच्यावर मूकपट केला. काळी पट्टी, काळा झगा, तलवार, घोडा आणि घरी आल्यावर जांभया देणारा लाडावलेला मुलगा. पुढच्या चाळीस वर्षांत जे जे मुखवटेवाले आले त्यांनी यातलं काही ना काही उचललेलंच आहे.

पण मुखवटा हवाच कशाला? पोलिसांपासून लपायला?

गोष्टीत कारण तेच सांगतात. स्टुडिओच्या हिशेबाच्या वहीत कारण वेगळं होतं. तोंड झाकलं की अंगावर कोण आहे हे कोणालाच कळत नाही, आणि स्टंटमन तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर ठेवता येतो. महागडा नट संवादापुरता आला तरी भागतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती इथे शब्दशः खरी ठरली.

रिपब्लिकच्या १९३७ सालच्या ‘झोरो राइड्स अगेन’मध्ये चेहरा जॉन कॅरोलचा, पण धावत्या ट्रकवर आणि घोड्यावर जे काही चालतं ते बहुतेक याकिमा कनट या स्टंटमनचं. १९४३ सालच्या ‘द मास्क्ड मार्व्हल’मध्ये तर कमाल केली. चार विमा-तपासनीस, त्यातला एक म्हणजे मुखवटेवाला, कोण ते शेवटच्या प्रकरणापर्यंत गुपित. मुखवटा घालून बाराही प्रकरणं वावरणारा माणूस या चौघांपैकी एकही नाही. तो टॉम स्टील नावाचा स्टंटमन, आवाज गेन व्हिटमन या तिसऱ्याच नटाचा, आणि श्रेयनामावलीत स्टीलचं नाव नाही. म्हणजे शरीर एकाचं, गळा दुसऱ्याचा, चेहरा तिसऱ्याचा. ज्याचा चेहरा शेवटी निघतो त्या डेव्हिड बेकनचा सिरियल लागायच्या आधीच, सप्टेंबर १९४३ मध्ये, भोसकून खून झाला. तो कोणी केला हे कधीच उघड झालं नाही.

मुखवट्याचा दुसरा फायदा जुन्या रिळांना. लिंडा स्टर्लिंग हिनं १९४४ साली ‘झोरोज ब्लॅक व्हिप’मध्ये काळ्या वेषातली मुखवटेवाली रंगवली. (नावात झोरो आहे, पटात तो एकदाही येत नाही.) पुढे रिपब्लिकनं १९५४ च्या ‘मॅन विथ द स्टील व्हिप’मध्ये पुरुष नायकाला तसाच काळा वेष चढवला आणि दौडीची, मारामारीची जुनी दृश्यं सरळ डकवली. नायक दाराआड जातो तेव्हा खांदे रुंद असतात, आणि घोड्यावर मांड टाकतो तेव्हा कंबर बारीक झालेली असते. मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. एकदा लक्षात आलं की मग हसू आवरत नाही.

रेडिओवर मुखवटा दिसत नाही. मग तिथे त्याचा उपयोग काय?

हा माझा आवडता प्रश्न.

डेट्रॉइटच्या डब्ल्यूएक्सवायझेड या केंद्रावर १९३३ च्या जानेवारी अखेरीस ‘लोन रेंजर’ हा घोड्यावरच्या मुखवटेवाल्याचा कार्यक्रम सुरू झाला. केंद्राचा मालक जॉर्ज ट्रेंडल, लिहिणारा बफेलो शहरातला फ्रॅन स्ट्रायकर. घरी बसून ऐकणाऱ्याला मुखवटा दाखवायचा तर तो दुसऱ्याच्या तोंडून दाखवावा लागतो. म्हणून प्रत्येक भागात कोणी तरी नवखा माणूस दचकतो: अरे, याच्या तोंडाला तर मुखवटा आहे, हा दरोडेखोर तर नाही? मग रेंजरचा साथीदार टोंटो किंवा शेरीफ त्याची समजूत काढतो. शेवटी घोड्याच्या टापा दूर जातात आणि मागे राहिलेला विचारतो, तो मुखवटेवाला कोण होता? दर भागात हे इतक्या वेळा झालं की त्या प्रश्नाची अमेरिकेत म्हणच झाली.

म्हणजे रेडिओवर मुखवटा हे कापड उरत नाही. भेटणाऱ्याला आधी वाटणारा संशय आणि मग बसणारा विश्वास, एवढंच त्याचं काम. माझ्या मते पडद्यावर तो कधीच इतका चांगला बसला नाही.

टोंटो पहिल्यापासून होता का?

नाही. पहिल्या काही भागांत नायक खरोखरच एकटा होता, आणि तीच अडचण झाली. एकटा माणूस रेडिओवर बोलणार कोणाशी? घोड्याशी किती बोलणार? मग टोंटो आणला. तो मूळ अमेरिकन आदिवासी, आवाज मात्र जॉन टॉड या गोऱ्या, वयस्क रंगकर्मीचा. तोडक्यामोडक्या इंग्रजीतली त्याची वाक्यं आज कानाला टोचतात, आणि टोचायलाच हवीत.

‘किमोसाबे’चा अर्थ काय?

टोंटो ज्या नावानं रेंजरला हाक मारतो ते हे. कार्यक्रमाचा दिग्दर्शक जिम ज्यूएल याच्या सासऱ्यांचं मिशिगनमध्ये मुलांचं उन्हाळी शिबिर होतं, त्याचं हे नाव. अर्थ ‘विश्वासू मित्र’ असं कार्यक्रमात सांगितलं, भाषातज्ज्ञ अजून वाद घालतायत.

आवाज बदलला की मुखवट्याचा माणूसही बदलतो का?

अर्ल ग्रेझर हा नट अनेक वर्षं लोन रेंजरचा आवाज होता. ८ एप्रिल १९४१ रोजी मोटार अपघातात तो गेला. वय अवघं बत्तीस. कार्यक्रम आठवड्यातून तीनदा लागायचा, थांबवणं शक्य नव्हतं. लेखकांनी काय केलं, तर रेंजरला जबर जखमी केलं. काही भाग तो कुजबुजण्यापलीकडे बोलतच नाही, सगळा भार टोंटोनं उचललेला. मग हळूहळू तो बरा होतो, आणि बोलायला लागतो तेव्हा आवाज ब्रेस बीमरचा असतो. पूर्वी याच कार्यक्रमात निवेदन करणारा हा भरदार आवाजाचा गडी पुढे १९५४ साली कार्यक्रम संपेपर्यंत रेंजर राहिला.

ऐकणाऱ्या पोरांना खरं कारण माहीत होतं की नाही, तो भाग वेगळा. पण एका माणसाच्या मरणाची बातमी गोष्टीच्या आतच, जखमेच्या रूपानं, सांगितली गेली. असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

ग्रीन हॉर्नेट आणि लोन रेंजर यांचं खरंच नातं आहे?

आहे, आणि ते चुलत्या-पुतण्याच्या वळणाचं आहे. लोन रेंजरचा पुतण्या डॅन रीड. त्याचा मुलगा ब्रिट रीड म्हणजे ग्रीन हॉर्नेट. घर एकच, कारण केंद्र एकच, मालक एकच आणि लेखकही तोच. ट्रेंडल-स्ट्रायकर जोडीनं १९३६ साली हा दुसरा नायक सुरू केला. घोड्याच्या जागी ‘ब्लॅक ब्यूटी’ मोटार, चांदीच्या गोळ्यांच्या जागी गुंगीच्या वायूचं पिस्तूल, टोंटोच्या जागी केटो. ब्रिट हा ‘डेली सेंटिनेल’ या वर्तमानपत्राचा मालक. गंमत अशी की त्याचंच वर्तमानपत्र ग्रीन हॉर्नेटला गुन्हेगार म्हणून झोडपत असतं, आणि तो ते खुशाल होऊ देतो, कारण गुन्हेगार समजले तरच टोळीवाले त्याला जवळ येऊ देतात. रेंजरचा मुखवटा संशय फिटावा म्हणून असतो, याचा तो टिकावा म्हणून. दोघांतला हा फरक मला फार हुशारीचा वाटतो.

युनिव्हर्सलनं १९४० मध्ये त्याची १३ प्रकरणांची सिरियल केली. नायक गॉर्डन जोन्स. पण मुखवटा चढवला की त्याच्या तोंडून रेडिओवरचा अल हॉज बोलायला लागतो. श्रोत्यांना कान फसवता येणार नाहीत, हे स्टुडिओला पक्कं ठाऊक होतं.

पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर केटो रातोरात जपानीचा फिलिपिनो झाला, हे खरं का?

गोष्ट मजेदार आहे, पण खरी नाही. सुरुवातीला तो जपानी होता हे खरं. त्याला फिलिपिनो म्हणणं मात्र डिसेंबर १९४१ च्या आधीच सुरू झालं होतं. १९४० च्या सिरियलमध्ये तर तो कोरियन आहे, आणि की ल्यूक या चिनी वंशाच्या नटानं तो केलाय.

शॅडो मुखवटा घालतो की अदृश्य होतो?

कुठे ऐकताय किंवा वाचताय त्यावर आहे. १९३० साली तो फक्त एक आवाज होता. एका गुप्तहेरकथांच्या रेडिओ कार्यक्रमाचा भेसूर निवेदक, आणि कार्यक्रम कशासाठी, तर स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनाचं मासिक खपावं म्हणून. झालं उलटंच. लोक मासिकवाल्याकडे जाऊन ‘ते शॅडोचं मासिक द्या’ म्हणायला लागले, आणि असं मासिक नव्हतंच. मग १९३१ मध्ये ते काढावं लागलं. वॉल्टर गिब्सन या जादूगारी जाणणाऱ्या लेखकानं टोपणनावानं त्यात भराभर कादंबऱ्या पाडल्या. त्यातला शॅडो काळा झगा, काळी हॅट घालून पिस्तुलं चालवतो.

१९३७ मध्ये रेडिओवर तो स्वतः नायक म्हणून आला आणि झगा-हॅटची गरजच संपली. लॅमाँट क्रॅन्स्टन हा श्रीमंत गृहस्थ ‘पूर्वेकडच्या देशांत’ माणसांची मनं झाकोळून टाकायची विद्या शिकून आलाय, म्हणून तो समोर असूनही दिसत नाही. (पूर्वेकडे आम्ही राहतो. ती विद्या इथे कोणाला येत असती तर आठ-बावन्नच्या विरार लोकलमध्ये उपयोगी पडली असती.) पहिला क्रॅन्स्टन बावीस वर्षांचा ऑर्सन वेल्स आणि सोबतीण मार्गो लेन म्हणजे अ‍ॅग्नेस मूरहेड. अदृश्य झाल्यावर त्याचा आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा चिरका होतो. रेडिओवर मुखवटा चढवायची याहून साधी युक्ती नाही. माणूस तोच, फक्त गळ्यावर एक पातळ पत्रा ठेवल्यासारखा.

कोलंबियानं १९४० मध्ये व्हिक्टर जोरीला घेऊन त्याची सिरियल केली, तेव्हा अदृश्य नायकाचं पोस्टर काढायचं कसं? पुन्हा झगा, हॅट आणि नाकावरून फडकं. जोरीचं नाक शॅडोला शोभणारं आहे, एवढंच त्या सिरियलबद्दल बरं बोलता येईल.

सगळ्या कार्यक्रमांना शास्त्रीय संगीत का?

फुकट होतं म्हणून. रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ ऑपेरामधली दौड लोन रेंजरला, रिम्स्की-कोर्साकोव्हच्या भुंग्याचं उड्डाण ग्रीन हॉर्नेटला, सां-साँचा एक तुकडा शॅडोला. स्वामित्वहक्काचे पैसे मोजायला नकोत. आणि डेट्रॉइटच्या त्या केंद्रावर घोड्याच्या टापाही स्वस्तातच व्हायच्या: मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी दट्ट्या खडीनं भरलेल्या खोक्यात आपटायचा. पहिली काही वर्षं हे सगळं थेट प्रक्षेपित व्हायचं, त्यामुळे त्या वर्षांतलं जवळजवळ काहीच हाती उरलेलं नाही. १९३८ पासून तबकड्यांवर नोंद होऊ लागली, आज आपण ऐकतो ते तिथून पुढचं.

मागच्या प्रकरणात गाडी दरीत कोसळली होती. पुढच्यात नायक आधीच उडी मारताना दिसतो. ही फसवणूक नाही का?

आहेच. नव्या प्रकरणाच्या सुरुवातीला शेवटचा प्रसंग पुन्हा दाखवतात, आणि त्यात गेल्या शनिवारी नसलेला दोन सेकंदांचा तुकडा घुसडलेला असतो: दार उघडतं, नायक लोळत बाहेर पडतो, मग गाडी कोसळते. तेव्हा घरी रिवाइंड करायची सोय नव्हती, मधे सात दिवस गेलेले. पोरांना शंका यायची, पुरावा नसायचा.

खर्च हाताबाहेर गेला की आणखी एक युक्ती. एका प्रकरणात सगळे पात्र टेबलाभोवती बसून ‘आठवतं का, तेव्हा मी त्या जळत्या गोदामात...’ असं म्हणतात आणि जुनीच दृश्यं पुन्हा लागतात. ते प्रकरण बिनधास्त पुढे ढकला.

खलनायकही मुखवट्यातच का असतो?

कारण बाराव्या प्रकरणात कोणाचा तरी मुखवटा फाडायचा असतो. तुरे लावलेल्या सात-आठ प्रतिष्ठित गृहस्थांपैकी एक जण रात्री चमत्कारिक पोशाखात टोळीला हुकूम सोडतो. बहुतेक वेळा जो सर्वांत कमी संशयास्पद तोच निघतो, त्यामुळे तिसऱ्या प्रकरणापर्यंत ओळखता येतो.

१९३८ च्या ‘लोन रेंजर’ सिरियलमध्ये रिपब्लिकनं हाच डाव उलटा खेळला. विल्यम विटनी आणि जॉन इंग्लिश या दिग्दर्शक जोडीनं पाच जवान उभे केले, पाचातला एक रेंजर, आणि प्रकरणागणिक एकेक मरत जातो. खलनायकालाही शोधायचंय आणि प्रेक्षकालाही. ही सिरियल अनेक वर्षं हरवल्यात जमा होती. पुढे लॅटिन अमेरिकेत गेलेल्या, स्पॅनिश उपशीर्षकांच्या प्रतींवरून ती पुन्हा जुळवली, म्हणून आज पाहताना रेंजरच्या हनुवटीखाली स्पॅनिश धावत असतं.

कॉपरहेड हा कोण? त्याचं कॉमिक कुठे मिळेल?

कुठेच नाही. रिपब्लिकला खरं तर सुपरमॅन करायचा होता, हक्क मिळाले नाहीत. मग हाती असलेल्या मजकुराची डागडुजी करून १९४० मध्ये ‘मिस्टीरियस डॉक्टर सेटन’ काढला आणि नायकाला तांबड्या सापाचं नाव व साखळीच्या विणीसारखा मुखवटा दिला. नायिकेचं नाव मात्र लोइसच राहिलं.

बॅटमनची १९४३ सालची सिरियल मुलांना दाखवावी का?

लहान मुलांना नको. निदान शेजारी बसल्याशिवाय नको. युद्ध ऐन भरात होतं. खलनायक डॉक्टर डाका हा जपानी, आणि तो केलाय जे. कॅरोल नेश या आयरिश वंशाच्या नटानं, डोळे ताणून. पहिल्याच प्रकरणात ओसाड पडलेली जपानी वस्ती दिसते आणि निवेदक सरकारच्या शहाणपणाची तारीफ करतो. ती वस्ती ओसाड होती, कारण सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना, त्यातल्या बहुतेक अमेरिकी नागरिकांना, छावण्यांत कोंडलं होतं. पोरांच्या शनिवारच्या खेळात हे इतक्या सहजपणे येतं, की पहिल्यांदा पाहताना मी थांबवून पुन्हा ऐकलं.

इतिहास म्हणून तिचं मोल आहे. जमिनीखालची बॅटमनची गुहा आणि उभ्या घड्याळामागचा तिचा रस्ता इथून पुढे रूढ झाला. आधी कॉमिकमध्ये लठ्ठ असलेला बटलर आल्फ्रेड या सिरियलमधल्या नटासारखा सडपातळ झाला. आणि इथे बॅटमन हा सरकारचा गुप्त हस्तक आहे, कारण कायदा हातात घेणारा मुखवटेवाला सेन्सॉरला चालला नसता. पोशाखाचं म्हणाल तर कान वाकडे आहेत, आणि बॅटमन झालेला लुइस विल्सन मारामारीत बराच वेळ झगा सावरण्यात घालवतो.

आपल्याकडे असं काही झालं का?

झालं, आणि एका बाबतीत अमेरिकेपेक्षा सरस झालं.

मुंबईचे जे. बी. एच. वाडिया हे फेअरबँक्सच्या झोरोचे निस्सीम चाहते. त्यांनी १९३१ साली ‘दिलेर डाकू’ हा त्याच वळणाचा मूकपट काढला. १९३३ मध्ये भाऊ होमी यांच्यासह वाडिया मूव्हीटोन उभी केली, परळला लवजी कॅसल या घराण्याच्या वाड्यात. १९३५ साली ‘हंटरवाली’ आला. राजकन्या माधुरी, बाप कैदेत, दुष्ट वजीर माजलेला. राजकन्या डोळ्यांवर मुखवटा बांधते, हातात चाबूक घेते आणि पुढचा तास-दीड तास वजिराच्या माणसांना पळता भुई थोडी करते.

ही राजकन्या म्हणजे नादिया. मूळची मेरी इव्हान्स, जन्म १९०८, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. सर्कशीत कामं केलेली, सोनेरी केसांची, धिप्पाड. वितरक हात लावायला तयार नव्हते, म्हणून वाडियांना स्वतःच पट लावावा लागला. पुढे काय झालं ते मुंबईतल्या जुन्या घरांत अजून सांगतात. हंटरवाली हे नाव बोलीतच शिरलं. खमक्या बाईला ‘अगदी हंटरवाली आहे’ म्हणणारी माझी आजी तो पट पाहायला कधी गेली असेल असं वाटत नाही.

सरस कशात, ते सांगतो. तिकडे मुखवटा होता तो आतला माणूस दुसराच आहे हे लपवायला. इथे मुखवट्याच्या आत नादियाच होती. आगगाडीच्या टपावरची मारामारी असो की उंचावरून मारलेली उडी, अंग तिचं स्वतःचं. मुखवटा काढून पुन्हा तिचाच चेहरा दिसायचा, आणि अंगावरचे ओरखडेही तिचेच. लिंडा स्टर्लिंगची ब्लॅक व्हिप यायला अजून नऊ वर्षं होती.

परळचा तो स्टुडिओ पुढे व्ही. शांताराम यांनी घेतला आणि तिथे राजकमल कलामंदिर झालं. ज्या आवारात हंटर कडाडला, तिथेच नंतर ‘अमर भूपाळी’ची लावणी रंगली. मराठी माणसाला या विषयाशी आपलं काय असं वाटत असेल तर परळपर्यंतच जायचं आहे.

वेताळ म्हणजे फँटमचीही सिरियल होती का?

होती, कोलंबियाची, १९४३ सालची, १५ प्रकरणांची. टॉम टायलर घट्ट पोशाखात अगदी चित्रातून उतरल्यासारखा दिसतो, आणि कुत्रा झालाय एस नावाचा त्या काळचा नामांकित श्वान-नट. ली फॉक यांची चित्रमालिका १९३६ मध्ये सुरू झाली, आपल्याकडे ती १९६४ पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’नं घरोघरी नेली. मूळ गोष्टींतलं बंगालच्या जवळ जाणारं देशाचं नाव आपल्या वाचकांसाठी ‘डेंकाली’ केलं, आणि सिंग चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. का, ते सांगायला नको.

१९५५ मध्ये कोलंबियाला पुढचा भाग करायचा होता, पण हक्काची मुदत संपलेली. मग पोशाखात फेरफार केले आणि नायकाचं नाव कॅप्टन आफ्रिका ठेवलं. नट जॉन हार्ट. हे नाव लक्षात ठेवा.

का, कोण हा जॉन हार्ट?

लोन रेंजर १९४९ मध्ये टीव्हीवर आला तो क्लेटन मूरला घेऊन. मूर हा सिरियलवालाच, ‘घोस्ट ऑफ झोरो’चा नायक. काही वर्षांनी निर्मात्यांशी त्याचं बिनसलं आणि १९५२ च्या हंगामात त्याच्या जागी जॉन हार्टला मुखवटा चढवला. हिशेब जुनाच: तोंड झाकलंय, कोणाला कळणार? हार्टचे एकूण ५२ भाग झाले. प्रेक्षकांना कळलं. मूरला परत आणावं लागलं.

नंतरची गोष्ट आणखी विलक्षण. मालिका संपल्यावर मूर वर्षानुवर्षं मुखवटा घालून जत्रांत, दुकानांच्या उद्‌घाटनांत, रुग्णालयांतल्या मुलांसमोर जात राहिला. १९७९ मध्ये हक्कदार कंपनीला नवा चित्रपट काढायचा होता, म्हणून तिनं कोर्टातून त्याला मुखवटा घालायची बंदी आणली. मूरनं त्याच आकाराचा मोठा काळा गॉगल लावला आणि दौरे चालू ठेवले. काही वर्षांनी कंपनीनं माघार घेतली आणि मुखवटा त्याला परत मिळाला.

हे सगळं बंद का पडलं?

टीव्ही. तेच फुकट आणि घरबसल्या मिळायला लागलं. युनिव्हर्सलनं १९४६ मध्येच सिरियल थांबवल्या, रिपब्लिकची शेवटची १९५५ ची, कोलंबियाची १९५६ ची. रेडिओवर लोन रेंजर आणि शॅडो दोघांनीही १९५४ मध्ये निरोप घेतला.

मी कुठून सुरुवात करू?

‘झोरोज फायटिंग लीजन’, १९३९, १२ प्रकरणं. इंटरनेट अर्काइव्हवर सापडेल. झोरो झालेल्या रीड हॅडलीचा आवाज खणखणीत, सोन्याच्या चिलखतातला खलनायक डॉन डेल ओरो पाहण्यासारखा. गोष्ट १८२४ मधली आणि मेक्सिकोचा अध्यक्ष म्हणून बेनितो हुआरेझ दाखवलाय, जो त्या साली अठरा वर्षांचा होता. तिकडे दुर्लक्ष करा.

दिवसाला एकच प्रकरण. सलग पाहिलंत तर चौथ्या प्रकरणात कंटाळाल आणि मला शिव्या द्याल. ती सात दिवसांच्या अंतरानं पाहायची वस्तू आहे, निदान एका रात्रीचं अंतर तरी ठेवा.

रेडिओसाठी १९३७-३८ मधले ऑर्सन वेल्सचे शॅडोचे भाग, दिवे मालवून. हेडफोन लावा मात्र. शेवटचं ते खदाखदा हसणं मी एकदा मध्यरात्री स्पीकरवर लावलं होतं, तर समोरच्या काकू सकाळी दार वाजवून विचारायला आल्या, ‘‘घरी सगळं ठीक आहे ना?’’